पत्र्यामागचं पाणी

एकाच साली कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन प्रीमियर पद्मिनी आहेत असं धरा. एक लातूरला गेली, दुसरी मालवणला. दोन्ही मालकांनी काही वर्षं हौसेने चालवल्या, मग अंगणात लावल्या आणि त्या तिथेच राहिल्या. आज लातूरच्या गाडीचं बॉनेट पार विटलेलं दिसेल, हात फिरवला तर बोटांना रंगाची भुकटी लागेल. डॅशबोर्ड तडकलेला, काचांभोवतीचं रबर भेगाळलेलं, सीटचं रेक्झिन फाटलेलं. पण पत्र्यावर टिचकी मारली तर तो खणखणीत वाजेल. मालवणची गाडी माडांच्या सावलीत होती, त्यामुळे लांबून ती बरीच बरी दिसेल. मात्र दाराच्या खालच्या कडेवर अंगठा दाबला की रंगाचा पापुद्रा करकरत आत जाईल आणि पाठोपाठ तांबूस चुरा खाली सांडेल.

ऊन दोघींनीही खाल्लं, लातूरच्या गाडीने तर जास्तच. फरक पाडला तो ओलाव्याने. रंग, रबर आणि रेक्झिन उन्हाने मरतं, पत्रा मात्र पाण्याने मरतो. म्हणून आपल्याकडच्या हवेत जुनी गाडी घरच्या घरी उभी करायला घेणाऱ्याने गंज काढायच्या आधी एक शोध घ्यावा: पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं आणि तिथे किती वेळ राहतं. हे न पाहता केलेलं पत्राकाम आणि रंगकाम दुसऱ्या पावसाळ्यात उघडं पडतं.

गाडीची बांधणी आधी समजून घ्या

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे फियाटशी करार झाला आणि कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिचं सुरुवातीचं गोलमटोल रूप मुंबईकरांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ म्हणून बसलं. साठच्या दशकात चौकोनी घाटाची ११०० डी आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांची स्प्रिंग, चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक दशकं धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. या टॅक्सीच्या जोरावरच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि गावोगावच्या जुन्या बाजारांत पद्मिनीचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहिले. घरी काम करणाऱ्याला ही गाडी सोपी जाते ती त्यामुळेच.

दुरुस्तीच्या दृष्टीने तिची एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जीपला खाली वेगळी, जाड चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. पद्मिनीला तशी चासी नाही. फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पट्ट्या म्हणजे सिल, खांब आणि छत, हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. ॲम्बेसेडरचंही तसंच. अशा गाडीत सिल गंजली तर नुसती दिसायला वाईट दिसत नाही, गाडीचा कणाच ढिला पडतो. दार उघडल्यावर खाली लोंबतं आणि लावताना उचलून लावावं लागतं, तेव्हा पुष्कळ जण बिजागरीला दोष देतात. बिजागरी झिजलेली असू शकते, पण पहिला संशय सिलचा घ्यावा.

गंज नेमका कसा धरतो

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पत्र्यावर पाण्याचा पातळ थर बसला की त्याच पत्र्याच्या एका ठिपक्यातून लोखंड इलेक्ट्रॉन सोडत विरघळू लागतं, शेजारच्या ठिपक्यावर प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो आणि दोहोंमध्ये नकळत एक बारीकशी बॅटरी सुरू होते. ॲल्युमिनियमवर तयार होणारा ऑक्साइडचा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो आणि मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. म्हणून तो रंगाला खालून उचलतो, फुगा येतो, फुगा फुटतो आणि आणखी पाणी आत जातं.

यासाठी पाऊसच पडायला हवा असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की स्वच्छ पत्र्यावरही डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसतो आणि गंजाचा वेग वाढतो. समुद्रकाठी हे गणित आणखी बिघडतं. समुद्री मिठात नेहमीच्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते जेमतेम ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढायला लागतं. म्हणजे बाकीच्यांना कोरडी वाटणारी हवा मिठाने माखलेल्या पत्र्याला ओलीच असते. वाऱ्याने येणारं हे मीठ किनाऱ्यापासून आत जाऊ तसं झपाट्याने कमी होतं. त्यामुळे एकाच गावात पुळणीला लागून उभी असलेली गाडी आणि घाटीच्या बाजूला उभी असलेली गाडी यांच्या तब्येतीत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

उष्णता दोन बाजूंनी खेळते. बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की दुपटीच्या आसपास जातो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून दमट उकाड्यातला गंज थंड देशातल्या गंजापेक्षा घाईने पुढे जातो. दुसरी बाजू अशी, की दिवसा पत्रा तापतो तेव्हा सिल आणि दारांच्या पोकळीतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री ती आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पहाटे पत्रा गार पडला की त्या हवेतलं पाणी आतल्या बाजूला दवासारखं सुटतं. पावसाचा एक थेंबही न लागलेली गाडी आतून कुजते ती अशी.

टोच्या, लोहचुंबक आणि बादलीभर पाणी

तपासणीला महागडं काही लागत नाही. गाडी पक्क्या जमिनीवर घोडीवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही शिरू नका. आतले गालिचे, रबरी मॅट आणि त्यांच्याखालचा नमदा काढून टाका. नमदा पाणी शोषतो आणि महिनोन्‌महिने फ्लोअरला चिकटवून ठेवतो. पुढच्या काचेचं रबर गळत असेल तर पाणी डॅशबोर्डमागून थेट ड्रायव्हरच्या पायाशी उतरतं. तिथला पत्रा वरून शाबूत आणि खालून चाळण झालेला सापडणं नेहमीचंच.

मग टोच्या घ्या आणि या जागा एकेक करून टोचा: सिलची खालची कड, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ, बॅटरीखालची थाळी, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे बॉडीला जोडल्या आहेत ती जागा आणि चारी दारांचा तळ. चांगला पत्रा टोच्याला दाद देत नाही. कुजलेला पत्रा पिचतो. जिथे टोच्या आरपार जातो तिथून चांगला पत्रा लागेपर्यंत सरकत जा आणि खडूने रेघ ओढा. हे वर्तुळ रंगाच्या फुग्यापेक्षा हमखास मोठं निघतं.

लोहचुंबकाचं काम पुट्टी शोधण्याचं. मऊ फडक्यात गुंडाळून तो बॉडीवर फिरवा. जिथे तो सैल पडतो तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे किंवा खाली पत्राच नाही. पूर्वी एखाद्या डेंटरने भोकामागे जाळी किंवा पुठ्ठा लावून वर पुट्टी ओढलेली असते. पुट्टीत टाल्कची भुकटी असते आणि उघडी राहिली तर ती टीपकागदासारखी पाणी धरून ठेवते. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या मडगार्डात सर्वांत जास्त कूज सापडण्याचं कारण हे.

शेवटी पाणी. एकाने बाहेरून काचेच्या कडेने हळूहळू पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी कुठून येतं ते दिसतंच, ते कुठे थांबतं हेही दिसतं. दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी निघून जायची भोकं असतात. दारात काचेच्या फटीतून पाणी शिरणारच, ते या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना आहे. धूळ, पानं आणि कुणीतरी फासलेलं डांबर यांनी ती भोकं बुजली की दाराचा हौद होतो. कितीतरी गाड्यांची दारं एवढ्याच कारणाने गेली आहेत.

दसरा ते होळी

कोकणात आणि मुंबईत या कामाला हंगाम असतो. पावसाळ्यात सोललेला पत्रा काही तासांत तांबूस होतो. सकाळी घासलेल्या भागावर संध्याकाळी पिवळट झाक आलेली दिसते. मे महिन्यात उलटी अडचण. उन्हातला पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापतो, थिनर हवेतच उडतो, पुट्टी कालवता कालवता घट्ट होते. म्हणून पावसाळ्यात इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि सुट्या भागांची कामं करावीत. सोलणं, वेल्डिंग आणि रंग दसरा ते होळी या काळात उरकावेत. मराठवाड्यात आणि विदर्भात हा हंगाम थोडा लांबतो, पण उन्हाळ्यातली दुपार तिथेही टाळावी लागते.

रंगाचा मुहूर्त कॅलेंडरपेक्षा दवबिंदूवर ठरवावा. औद्योगिक रंगकामात पाळला जाणारा नियम असा: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या जरा वर असतो; म्हणजे अंतर तीन अंशांहून कमी. रात्रभर गार पडलेला पत्रा सकाळी याहूनही थंड असू शकतो. त्यावर मारलेल्या कोटाखाली न दिसणारं पाणी कायमचं अडकतं. त्याउलट ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १८ अंशांच्या आसपास असतो आणि काम निर्धास्त करता येतं. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र फारसं महाग नसतं. या कामात ते ग्राइंडरइतकंच उपयोगी पडतं.

आधी धुवा, मग घासा

गंजलेला भाग समोर दिसला की हात थेट ग्राइंडरकडे जातो. त्याआधी गोड्या पाण्याने तो भाग भरपूर धुवा, वाळवा, पुन्हा धुवा. गंजाच्या खड्ड्यांत मीठ लपलेलं असतं. ते तसंच राहिलं तर वर कितीही भारी प्रायमर मारा, खालून गंज पुन्हा फुटतो. समुद्रकाठच्या गाडीवर रंगाचे फुगे त्याच जागी परत येतात ते यामुळेच.

सुटे होणारे भाग, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, चाकांच्या डिश, यांना घासत बसण्यापेक्षा भिजवणं बरं. त्याचे तीन मार्ग घरात जमतात.

पहिला विजेचा. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाणी आणि दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. गंजलेला भाग तारेने टांगायचा आणि चार्जरचं ऋण टोक त्याला जोडायचं. धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचं नाही. बारा व्होल्टचा साधा चार्जर सुरू केला की भागावर बारीक बुडबुडे येऊ लागतात, गंज सैल होऊन काळ्या गाळासारखा सुटतो आणि पट्टी मात्र खाल्ली जाते. टोकं उलटी जोडली तर तुमचा भागच खाल्ला जाईल. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम मोकळ्या जागेत करायचं आणि जवळ विडी-काडी नको. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही घालू नये.

दुसरा मार्ग लिंबूसत्वाचा. पाच ते दहा टक्क्यांच्या द्रावणात भाग रात्रभर ठेवायचा, सकाळी घासून धुवायचा, सोड्याच्या पाण्यात बुचकळायचा आणि लगेच वाळवायचा. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट मात्र आम्लात टाकू नयेत. त्यांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

तिसरा मार्ग उसाच्या मळीचा. एक भाग मळी, नऊ भाग पाणी आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर. मळीतले घटक गंजाला विरघळवतात आणि शाबूत लोखंडाला जवळपास हात लावत नाहीत. इथे आपला उकाडा कामी येतो, कारण कोमट द्रावण जास्त वेगाने काम करतं. वास आणि माश्या सोसायची तयारी हवी. शिवाय मळीच्या व्यवहारावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, त्यामुळे ती रीतसर मिळणार असेल तरच या वाटेला जावं. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा भाग या तिन्हींपैकी कशातही घालू नये.

बॉडीचा पत्रा टबात बुडवता येत नाही. तिथे तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि शेवटी खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी कन्व्हर्टर. बाजारातल्या कन्व्हर्टरमध्ये बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असतं. टॅनिन आपल्याला नवं नाही. सह्याद्रीतल्या हिरड्यात ते ठासून भरलेलं असतं आणि हिरडा आणि हिराकस मिळून जी काळी शाई पूर्वी केली जायची, तिच्यामागे लोखंड आणि टॅनिन यांचीच अभिक्रिया होती. कन्व्हर्टर लावल्यावर तांबडा गंज निळसर काळा पडतो तो त्यामुळे. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करतं. दिल्लीतला लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, त्यामागेही त्या लोखंडातल्या भरपूर फॉस्फरसमुळे तयार झालेला फॉस्फेटचा संरक्षक थर आहे, असं आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. दिल्लीच्या बऱ्यापैकी कोरड्या हवेचीही त्याला साथ आहे.

कन्व्हर्टरकडून चमत्काराची अपेक्षा मात्र धरू नये. सुटणारे पापुद्रे आधी निघायलाच हवेत आणि ज्याला भोक पडलंय त्याला औषध एकच: कापणं.

जुना रंग घासताना तोंडावर चांगला मास्क हवा. त्या काळच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या आणि तांबड्या छटांत, शिसं असण्याची शक्यता असते. शक्य तिथे वॉटर पेपरने ओलं घासावं, धूळ उडत नाही.

कापणं आणि जोडणं

बॉडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्यावर वेल्डिंगची सलग रेघ ओढली तर तो तापून वेडावाकडा होतो. म्हणून मिग वेल्डिंगने एक ठिपका इथे, पुढचा वीतभर लांब, मधल्या वेळात पत्रा गार होऊ द्यायचा, असं करत रेघ पुरी करतात. उकाड्यात गार व्हायला जास्त वेळ लागतो, घाई करायची नाही. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा. कुजक्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, भोक मोठं होत जातं. जीआय पत्रा वापरत असाल तर जोडाच्या कडेवरचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, हा वेल्डरांचा जुना अनुभव आहे.

सिल बदलायची असेल तर आधी दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या ठोकून चौकट जखडावी लागते आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. नाहीतर कणा नसलेली गाडी मधोमध झुकते आणि नव्या सिलवर दारं कधीच नीट बसत नाहीत. हे काम ज्याने अशा वेगळी चासी नसलेल्या, म्हणजे मोनोकॉक बॉडीवर पूर्वी केलं आहे अशा कारागिराकडे सोपवणं शहाणपणाचं. फ्लोअरचे लहान तुकडे, डिकीचा तळ, बॅटरीची थाळी एवढं घरी शिकत शिकत जमतं.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, सीट आणि रेक्झिन बाहेर काढा, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा गैरसमज जीवघेणा आहे. भरलेल्या टाकीपेक्षा वाफांनी भरलेली रिकामी टाकीच स्फोटाला जास्त तयार असते.

रंगाखालचे थर

उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. म्हणून संपूर्ण गाडी एकदम सोलू नये. एक दार, एक मडगार्ड, असं जेवढं संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच सोलावं. नेहमीचा रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण तो एकटा पाणी अडवत नाही. नुसता रेड ऑक्साइड मारून चार महिने उभी ठेवलेली गाडी खालून गंजते. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर पत्र्याला घट्ट धरतो आणि पाण्यालाही बऱ्यापैकी रोखतो. पुट्टी थेट उघड्या पत्र्यावर ओढण्यापेक्षा या प्रायमरवर ओढावी. आणि तीही कमीत कमी. खड्डा हातोडी आणि ठोकळ्याने जितका वर आणता येईल तितका आणायचा, उरलेली उणीव तेवढी पुट्टीने भरायची.

उन्हाळ्यात पुट्टीतलं हार्डनर थोडं कमी घालायचं आणि एका वेळी लिंबाएवढीच पुट्टी कालवायची. घट्ट व्हायला लागलेली पुट्टी थिनर घालून ओढू नये, ती फेकायची.

जुन्या पद्धतीचा एनसी रंग दमट हवेत मारला तर वर दुधाळ झाक येते. थिनर झपाट्याने उडताना पत्र्याला गार करतो आणि त्या गारव्यावर हवेतलं पाणी बसतं. अशा वेळी हळू उडणारा रिटार्डर थिनर वापरतात किंवा सरळ काम पुढे ढकलतात. तापलेल्या पत्र्यावर उलट घडतं: रंग पसरायच्या आधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, किंवा वरची साय आधी सुकून खालचा थिनर तिला बारीक भोकं पाडत बाहेर येतो. सावली आणि सकाळी दव ओसरल्यानंतरचे दोन-तीन तास, हीच रंगाची वेळ.

शेवटचा पीयू रंग घरी मारायचा मोह टाळावा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसात गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्यांना पुरत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा असलेल्या पेंटरकडे ते काम द्यावं. बंपरचं क्रोमही तसंच, प्लेटिंगवाल्याकडे.

रंग झाला म्हणजे काम संपलं असं नाही. सिल आणि दारांच्या पोकळ्यांत लांब नळीने मेणाचा फवारा द्यायचा, तोही उकाड्यात वितळून गळणार नाही अशा प्रतीचा. फवाऱ्यानंतर निचऱ्याची भोकं पुन्हा तारेने मोकळी करायची. खालून डांबरासारखा जाड थर फासायची आपल्याकडे रीत आहे. तो उन्हाने तडकतो, तड्यांतून पाणी आत जातं आणि आतल्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. त्याऐवजी प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक मेण दिलं तर दर वर्षी पत्रा डोळ्यांनी तपासता येतो.

यंत्रात लपलेलं पाणी

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डीओटी ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओलावलेलं १४० अंशांनाच. घाट उतरताना तापलेल्या ड्रममध्ये ते उकळलं तर पेडल जमिनीला टेकतं. शिवाय तेच पाणी व्हील सिलिंडर आतून गंजवतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सिलिंडर, रबरं आणि पाइप बदलूनच ती रस्त्यावर आणावी. ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसावी.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरायची सवय इथे फार रुळलेली आहे. बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असा युक्तिवाद असतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यंही असतात. फियाटच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मधे क्षारयुक्त पाणी म्हणजे गंजाला आमंत्रण. ब्लॉकमध्ये साठलेला तांबडा गाळ पाण्याच्या वाटा अरुंद करतो आणि गाडी मे महिन्यात हमखास तापते.

पेट्रोलची गोष्ट नवी आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये गंजाला निमित्त देतं. इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे बसवावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की इंधनाच्या पंपावर ओलं फडकं टाकायची टॅक्सीवाल्यांची युक्ती आजही चालते.

कागद आणि पुढची देखभाल

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते थकलं असेल तर पत्र्याला हात लावायच्या आधी आरटीओची वाट चालून यावी. रंग बदलणार असाल तर त्याचीही नोंद लागते. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळू शकतो; नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. पण बॉडी आणि इंजिन मूळचं असण्याची अट आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. त्यामुळे डिझेल इंजिन बसवायचा किंवा छत कापायचा विचार असेल तर तो आधीच सोडून द्यावा.

तयार झालेल्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका. खालून वर येणारी जमिनीची वाफ तिच्यात कोंडते. छप्पर असलेली, चारी बाजूंनी वारा खेळणारी जागा सर्वांत चांगली; ती नसेल तर हवा जाऊ देणारं कापडी कव्हर. आणि आठवड्यातून एकदा गाडी पुरती गरम होईपर्यंत चालवा. पाच मिनिटं जागच्या जागी इंजिन सुरू ठेवलं तर सायलेंसरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून सडतो.

वर्षाची तपासणी कधी करायची हे आपल्या परंपरेने आधीच ठरवून ठेवलंय. खंडेनवमी आणि दसऱ्याला गाडी धुतली जातेच, आणि पाऊसही तेव्हा नुकताच सरलेला असतो. हार घालायच्या आधी मॅट उचलून फ्लोअर चाचपा, दारांच्या तळाच्या भोकांत तार घाला, सिलला टोच्या लावा, चाकांच्या कमानीत पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्या दिवशी सापडलेला रुपयाएवढा गंज दुपारच्या जेवणाआधी निघतो. तोच पुढच्या दसऱ्यापर्यंत ठेवला तर त्यासाठी वेल्डर बोलवावा लागतो.